पट, फासे आणि भांडणं: बोर्ड गेमबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं दर रविवारी दुपारी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही पट मांडतो. तीन टेबलं, दोन सतरंज्या, चहाचा थर्मास. नवे लोक येतात आणि फिरून फिरून तेच विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो आहे. काही प्रश्न डाव सुरू होण्याआधी येतात, काही डाव संपल्यावर जरा चढ्या आवाजात. दुसऱ्या प्रकारचे मला जास्त आवडतात.

सारखं ‘मेकॅनिक’ म्हणता, ते काय? नियमच ना?

नियमांपैकीच, पण ज्याच्यावर डाव चालतो तेवढा भाग. फासे टाकून माल मिळवणं, बोली लावणं, दुसऱ्याची जागा आधी अडवणं, हातातलं एक पान ठेवून बाकीची शेजाऱ्याला देणं, ही सगळी मेकॅनिकं.

गुलामचोर घ्या. तीन गुलाम बाजूला काढायचे, जोड्या टाकत जायचं, शेजाऱ्याच्या हातातलं एक पान न बघता ओढायचं. मेकॅनिक एवढंच. पण खेळताना काय होतं ते आठवा. गुलाम ज्याच्याकडे असतो तो पानांचा पंखा करताना नेमकं एक पान बोटभर वर काढून ठेवतो. ओढणाऱ्याचा हात तिथवर जातो, थांबतो, समोरच्याचा चेहरा वाचतो. हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही, तरी प्रत्येक घरात घडतं. रॉबिन हुनिकी, मार्क लेब्लांक आणि रॉबर्ट झुबेक यांनी २००४ साली याची मांडणी केली होती: खाली मेकॅनिक, त्यातून टेबलावर घडणारं वागणं, आणि त्यातून मिळणारा अनुभव. खेळ बनवणारा खालून वर येतो, खेळणारा वरून खाली. बनवणाऱ्याला हात घालता येतो तो फक्त सगळ्यात खालच्या थराला.

व्यापारचा डाव दर वेळी भांडणातच का संपतो? आमच्या घरची माणसं चिडकी आहेत का?

असतीलही. पण खेळही निर्दोष नाही.

आपल्याकडचा व्यापार ज्या साच्यातून निघाला त्याची सुरुवात अमेरिकेत लिझी मॅगी या बाईंनी केली. त्यांच्या ‘लँडलॉर्ड्स गेम’ला १९०४ साली पेटंट मिळालं. जमीन ज्याच्या हातात त्याच्या खिशात भाड्याचा पैसा कसा जमत जातो आणि बाकीचे कसे कफल्लक होतात, हे लोकांना डोळ्यांनी दिसावं म्हणून तो खेळ होता. पुढे १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्सनी चार्ल्स डॅरोकडून ‘मोनोपॉली’ घेतला आणि मॅगीबाईंचं पेटंट ५०० डॉलरला विकत घेतलं. धडा गेला, यंत्र तेवढं राहिलं. तेव्हा एक जण गडगंज आणि तिघं रडकुंडीला, हा बिघाड नाही. ते यंत्र त्यासाठीच बनवलेलं आहे.

आता टेबलाकडे बघा. पहिला तासभर सगळे फिरतात, घेतात, मजेत असतात. मग कुणाकडे तरी एका रंगाचा पूर्ण संच जमतो आणि निकाल जवळजवळ तिथेच लागतो. पण डाव संपत नाही, अजून दोन तास चालतो. या दोन तासांत हरणाऱ्याच्या हातात काय असतं? फासे टाकणं आणि भाडं देणं. निवड नावाला नाही. वर हा खेळ तुम्हाला नुसता मागे ठेवत नाही, मोजून घेतलेल्या नोटा हातातून काढून घेतो. मिळण्याच्या आनंदापेक्षा तेवढंच गमावण्याचं दुःख मोठं असतं, हे डॅनिअल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं. आमच्या मावशीला ते मुंबई गहाण टाकताना आधीच कळलं होतं.

पण आम्ही खेळतो तेव्हा तर डाव रात्रभर संपतच नाही.

कारण तुम्ही लिलाव करत नाही. मोनोपॉलीच्या मूळ नियमांत, एखाद्याने जागा घ्यायला नकार दिला तर ती लगेच लिलावात जाते. घरोघरी हा नियम गाळलेला असतो. शिवाय दंडाचे पैसे मधोमध ठेवून ‘फ्री पार्किंग’वर येणाऱ्याला देण्याची दयाळू प्रथा. जागा उशिरा विकल्या जातात, बुडणाऱ्याला मधूनच पैसे मिळतात, आणि सगळ्यांचं मरण लांबतं. दया म्हणून घातलेला नियम सगळ्यात जास्त छळतो. एकदा छापील नियमांनी खेळून बघा. भांडण होईल, पण जेवायच्या आत.

फासे आले की नशीब आलं. मग त्यात डोकं कुठे?

फासा कुठला आणि तो कधी टाकायचा, यावर सगळं आहे.

जर्मनीत क्लाउस टॉयबरनी बनवलेला ‘कॅटन’ १९९५ साली आला आणि त्याच वर्षी तिथला ‘श्पील देस यारेस’ हा वर्षाच्या सर्वोत्तम खेळाचा मान त्याला मिळाला. टॉयबर व्यवसायाने दातांच्या कवळ्या वगैरे बनवणारे तंत्रज्ञ होते. तळघरात बसून खेळ बनवायचे. कॅटनमध्ये १९ षट्कोनी जमिनी असतात. वाळवंट सोडून प्रत्येकीवर एक आकडा. दोन फाशांची बेरीज तो आकडा आली की तिथे घर असलेल्या प्रत्येकाला माल मिळतो: वीट, लाकूड, लोकर, धान्य, खनिज.

दोन फाशांच्या ३६ जोड्यांपैकी ७ सहा प्रकारे येतो, ६ आणि ८ प्रत्येकी पाच प्रकारे, २ आणि १२ फक्त एकेका प्रकारे. कॅटनने हे गणित लपवलेलं नाही. प्रत्येक आकड्याखाली तेवढे ठिपके छापलेत, आणि ६ व ८ लाल रंगात. म्हणजे शाळेत शक्यतेच्या धड्याला झोपलेला माणूसही पहिलं घर कुठे बांधायचं ते ठिपके मोजून ठरवतो. नशीब नंतर येतं, निर्णय आधी झालेला असतो. म्हणूनच हरल्यावर ‘फासे वाईट पडले’ म्हणता येतं आणि जिंकल्यावर ‘मी जागा बरोबर निवडली’ म्हणता येतं. एवढी सोय दुसरा कुठला खेळ देतो?

मागच्या पावसाळ्यात आमच्या एका भिडूने दोन्ही घरं ८ ला लावली. पंधरा फेकी झाल्या, ८ नाही. पठ्ठ्या फासे दिव्याखाली धरून तपासायला लागला. हिशेब केला तर पंधरा फेकींत एकदाही ८ न येण्याची शक्यता साधारण दहात एक निघते. चमत्कार नव्हे, दहातला एखादा रविवार. पण त्याला हे सांगायची ती वेळ नव्हती.

एक बारीक गोष्ट सहज निसटते: माल मिळायला आपली पाळी यावी लागत नाही. शेजाऱ्याच्या फेकीवरही मिळतो. देवघेव मात्र ज्याची पाळी त्याच्याशीच होते. त्यामुळे दुसऱ्याच्या पाळीत कुणी मोबाइल काढत नाही. ‘दोन लोकर देतो, एक वीट दे’ असा बाजार भरतो आणि टेबलावर मंडईसारखा आवाज येतो. तो आवाज या एका मेकॅनिकने आणलेला आहे.

मग लुडो वाईट म्हणायचा का?

वाईट नाही, उतरणीला लागलेला म्हणू. लुडोचं पेटंट इंग्लंडमध्ये १८९६ चं, मूळ आपली पचिसी. जाताना दोन गोष्टी गळाल्या. पचिसीत समोरासमोरचे दोघं एकमेकांचे भिडू असतात. आपली सोंगटी पुढे काढायची की भिडूची वाट मोकळी ठेवायची, हा पेच तिथे येतो. लुडोत प्रत्येक जण एकटा. दुसरं म्हणजे दान. कवड्या बऱ्याच असतात म्हणून मधली दानं वरचेवर पडतात आणि पंचविसाचं क्वचित, आणि ते पडलं की घरभर आरडाओरडा. एका फाशाच्या सहा बाजू सारख्याच, त्यामुळे अंदाज बांधायला जागा कमी.

जाता जाता: खंडोबा म्हाळसेशी सारीपाट हरला आणि पणाप्रमाणे घर सोडून गेला, तो बाणाईच्या धनगरवाड्यावर पोचला, ही गोष्ट जेजुरीकडे सांगतात. देव मुद्दाम हरला असंही म्हणणारे आहेत. डाव कुठल्या नियमांनी खेळलात यापेक्षा पणाला काय लावलंत, यानेही अनुभव बदलतो, याचा इतका जुना दाखला माझ्याकडे दुसरा नाही.

एकदा कुणी पुढे गेलं की तोच जिंकतो. यावर उपाय काय?

आधी रोग घरातच बघू. पाच-तीन-दोन खेळला असाल. तिघं भिडू, दहा दहा पानं, कुणी पाच हात करायचे, कुणी तीन, कुणी दोन. ज्याचे जास्त झाले तो पुढच्या डावात कमी झालेल्याच्या हातातून पानं ओढतो आणि आपलं भिकार पान परत देतो. म्हणजे हरलेला पुढच्या डावाला आणखी कमजोर पानांनी बसतो. सावकारी म्हणतात ती हीच. तरी हा खेळ टिकला, कारण पाच, तीन, दोन ही कामं दर डावाला फिरतात आणि डाव चार-पाच मिनिटांत आटोपतो. रोग आहे, पण ताप लवकर उतरतो.

काही खेळ उलट्या बाजूने ओढतात. फ्रीडेमान फ्रीझे यांचा ‘पॉवर ग्रिड’ वीजकंपन्यांचा खेळ आहे. त्यात जो पुढे असतो त्याला कोळसा-तेल सगळ्यात शेवटी विकत घ्यावं लागतं, तोवर स्वस्त माल संपलेला असतो. जागा घेतानाही तोच शेवटी. मुरलेले लोक मग मुद्दाम एक शहर मागे राहतात आणि शेवटच्या फेरीत उसळी मारतात. नवख्याला हे ढोंग वाटतं. मला मात्र त्या फेरीत सगळ्यांच्या चेहऱ्यावर जो साळसूदपणा असतो तो बघायला फार आवडतं.

डोनाल्ड व्हॅकॅरिनो यांच्या ‘डॉमिनियन’मध्ये (२००८) लगाम आणखी हुशारीने बसवलाय. सुरुवातीला दहा पानांची गड्डी, सात तांब्याची नाणी आणि तीन जमिनी. दर पाळीला पाच पानं हातात. जिंकायला जमिनीची पानं हवीत, पण ती हातात आली की काही कामाची नसतात, जागा अडवून बसतात. जितके गुण गोळा कराल तितकी गड्डी जड. पुढे गेल्याची शिक्षा कुणी दुसरा देत नाही, तुमचीच पानं देतात, म्हणून कुणी कुणावर चिडत नाही.

मात्र मागच्याला फार उचलून धरलं की पहिला तासभर खेळलो कशाला, असं वाटतं. तेही होऊ द्यायचं नसतं.

सगळ्यांनी मिळून खेळायचा खेळ आणला, पण आमच्याकडे काकाच सगळ्यांचे डाव खेळतात.

हे घरोघरी आहे. आमच्याकडे आत्या आहेत.

मॅट लीकॉक यांचा ‘पँडेमिक’ २००८ चा, म्हणजे कोविडच्या कितीतरी आधीचा. पटावर ४८ शहरं, चार साथी, सगळे भिडू एका बाजूला. मुंबईही आहे, कराची, दिल्ली आणि चेन्नईशी जोडलेली. शहरात एका रंगाचे, म्हणजे एकाच साथीचे, तीन ठोकळे झाले आणि चौथा यायची वेळ आली की साथ शेजारच्या शहरांत उडते. यातलं खरं कसब ‘एपिडेमिक’च्या पानात आहे. ते निघालं की आधी येऊन गेलेल्या शहरांची पानं पिसून परत साथीच्या गड्डीच्या वर ठेवतात. म्हणजे आता जी शहरं निघणार ती आधीच आजारी असलेली. पुढचा धोका कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं, कधी ते नाही. शिवाय ‘एपिडेमिक’ची पानं भिडूंच्या वेगळ्या गड्डीचे सारखे भाग करून एकेका भागात एकेक घातलेली असतात, त्यामुळे फार वेळ उसंतही मिळत नाही. फक्त पिसण्याच्या पद्धतीतून एवढी धाकधूक निर्माण केलेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

पण सगळी माहिती उघड, ध्येय एक, आणि बोलायला बंदी नाही. मग जो सगळ्यात जलद हिशेब करतो तो बाकीच्यांच्या सोंगट्या हलवायला लागणारच. आत्यांना गप्प बसवून उपयोग नाही, खेळ बदला. आंत्वान बोझा यांच्या ‘हानाबी’त पानं उलटी धरायची असतात. आपली सोडून सगळ्यांची दिसतात, आणि सूचना मोजक्याच देता येतात, त्याही फक्त रंग किंवा आकडा. आत्यांना सगळ्यांचं कळतं, स्वतःचं काहीच कळत नाही. पहिल्यांदा हानाबी मांडला तेव्हा त्या वीस मिनिटं एक शब्द बोलल्या नाहीत. घरच्यांनी त्याचा फोटो काढून ठेवलाय.

बाद झालेल्या भिडूचं काय करायचं?

त्याला चहा करायला पाठवायचं, हा आमचा जुना उपाय. ‘रिस्क’सारख्या लांबणाऱ्या खेळात पहिल्या तासात बाद झालेला माणूस पुढच्या रविवारी येत नाही. अलीकडच्या बऱ्याच खेळांत म्हणूनच बाद होणंच नसतं. छोट्या डावात मात्र त्याने काही बिघडत नाही. आपल्यातले लपलेले गुन्हेगार ओळखायच्या ‘माफिया’त बाद झालेल्यांना खरा गुन्हेगार कोण हे कळून चुकतं, आणि बाकीच्यांचा मूर्खपणा बघत ओठ दाबून बसण्यातच त्यांची करमणूक होते.

खेळाची गोष्ट महत्त्वाची की मेकॅनिक?

दोन्ही एकाच दिशेला ओढत असतील तर प्रश्नच उरत नाही. ऊवे रोझेनबर्ग यांच्या ‘अ‍ॅग्रिकोला’त शेतकरी कुटुंब आहे. १४ फेऱ्या, सहा सुग्या. सुगी आली की माणशी दोन घास पुरवायचे, नाही जमलं तर भिकेचं पान आणि तीन गुण वजा. सुग्या येतात ४, ७, ९, ११, १३ आणि १४ व्या फेरीनंतर. अंतरं बघा: चार, तीन, दोन, दोन, दोन, एक. घरात माणसं वाढतात आणि सुगीमधला अवधी आटत जातो. ‘तुम्ही गरीब शेतकरी आहात’ असं खोक्यावर लिहायची गरजच नाही, तिसऱ्या सुगीला घशाशी येतं.

मुंबईच्या झैन मेमन यांनी बनवलेल्या ‘शासन’मध्ये तुम्ही पुढारी असता. धोरणाचा एक प्रश्न येतो, तुम्ही दिलेल्या उत्तरावरून पैसा, लोकांचा विश्वास वगैरे साधनं मिळतात आणि त्यातून मतं विकत घ्यायची. पहिले दोन प्रश्न लोक मनापासून उत्तरं देतात. तिसऱ्याला विचारतात, ‘यात पैसे कुठल्या उत्तराला आहेत?’ मी तीन वेगवेगळ्या टेबलांवर हेच पाहिलं.

लहान मुलांना घेऊन खेळायचं तर?

लिंबूटिंबू ही आपली फार हुशार सोय आहे. मूल डावात असतं, पण आउट होत नाही. पटावरही चालते: मुलाला एक पाळी परत घेऊ द्या, मोठ्यांना नाही. पण हे सगळ्यांसमोर आधी ठरवा, मधेच चोरून हरू नका. सात वर्षांच्या मुलाला लगेच कळतं आणि त्याचा राग तुमच्या हरण्यापेक्षा मोठा असतो.

सापशिडीला हसू नका. तिथे कुणालाच निवड नाही, म्हणून आजी आणि चार वर्षांची नात खरोखर बरोबरीने बसतात. ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या मोक्षपटाचा वंश तोच. तिथे शिड्या सद्गुणांच्या, साप दुर्गुणांचे.

एक जण पाच पाच मिनिटं विचार करतो. वाळूचं घड्याळ लावू का?

लावा, पण तो दुखावेल. आधी खेळ तपासा. पाळीला दहा गोष्टी करता येत असतील तर माणूस अडकतोच. ॲलन मून यांच्या ‘टिकिट टू राइड’मध्ये (२००४) पाळीला मुख्यतः तीनच पर्याय: पानं घ्या, रूळ टाका किंवा नवी तिकिटं उचला. आमचा सगळ्यात संथ भिडूही तिथे अर्ध्या मिनिटात उरकतो.

मला स्वतःचा खेळ बनवायचाय. सुरुवात कुठून करू?

जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठी कोऱ्या असतात, त्या कापा. चित्रं, खोकं, नाव, सगळं नंतर. पहिला डाव आठवड्याच्या आत घडला पाहिजे.

माझी फजिती सांगतो. मी वारीवर खेळ बनवला. आळंदी, पुणे, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, वाखरी, पंढरपूर. फासे टाका, मुक्काम गाठा, जो पहिला पोचेल तो जिंकला. वारी केलेल्या एका आजींना खेळायला बसवलं. त्यांनी दोन पाळ्या खेळून सोंगटी खाली ठेवली आणि विचारलं, ‘वारीत पहिलं कोण पोचलं हे कधी कुणी मोजलंय का रे?’ पटावर सगळं वारीचं होतं आणि मेकॅनिक घोड्यांच्या शर्यतीचं.

दुसऱ्या खेपेला नियम केला: शेवटच्या वारकऱ्यापेक्षा दोन मुक्कामांहून पुढे कुणालाच जाता येणार नाही. पुढे असलेल्याला मागच्यासाठी थांबावं लागलं, आपली भाकरी द्यावी लागली, आणि टेबलावरचं बोलणं त्या क्षणी बदललं. ‘सरक की पुढे’ ऐवजी ‘तुला काय हवंय?’ पट तोच, सोंगट्या त्याच, एक ओळ बदलली होती.

आजी दुसऱ्या खेपेला शेवटपर्यंत बसल्या. फक्त फलटणनंतर डाव रेंगाळतो असं त्यांचं म्हणणं आहे, आणि ते खरं आहे. तिथे काहीतरी घडायला हवं, रिंगण घालून बघणार आहे. रविवारी मोकळे असाल तर त्या टेबलावर एक भिडू कमी आहे.